हंगाम गेला, हप्ते राहिले

२०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता. आदल्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी देशभर टाळेबंदी जाहीर केली आणि चार तासांत ती लागूही झाली. पुढच्या वर्षीचा पाडवा १३ एप्रिलला आला. त्याच रात्री मुख्यमंत्र्यांनी ‘ब्रेक द चेन’चे कडक निर्बंध जाहीर केले आणि दुसऱ्या दिवशी रात्री आठपासून महाराष्ट्र पुन्हा बंद झाला. सलग दोन वर्षे नवे वर्ष सुरू होतानाच दुकानांची शटर खाली आली.

हा योगायोग पंचांगापुरता असता तर सोडून देता आला असता. पण चैत्र-वैशाख हा महाराष्ट्रातल्या लाखो कुटुंबांचा कमाईचा काळ आहे. गावोगावच्या जत्रा, लग्नसराई, द्राक्षांची शेवटची तोड, हापूसची आवक, ऊसतोड कामगारांचा परतीचा हिशेब, सुट्टीतले पर्यटन, पावसाळ्यापूर्वी उरकायची बांधकामे, सगळे याच दिवसांत येते. मंडपवाला, बँडवाला, आचारी, वाढपी, फुलवाला, टेम्पोवाला यांचा पावसाळा याच कमाईवर निघतो. पगारदाराच्या लेखी ‘दोन महिने बंद’ म्हणजे दोन महिने. या माणसांच्या लेखी तो वर्षाचा हिशेब असतो, आणि दोन वर्षे तो कोराच राहिला.

साथ रोखायला निर्बंध हवेत की नकोत, ते किती कडक असावेत, यावर पुष्कळ वाद झाले आणि पुढेही होतील. या लेखाचा प्रश्न त्यापलीकडचा आहे. बंद सर्वांच्या जिवासाठी होता, तर त्याची किंमत कोणी मोजली, कशी मोजली आणि बाजार उघडल्यावरही ती फेडणे का संपले नाही?

पैसा किती नव्हे, कसा येतो

घराचे उत्पन्न किती, हे आपण नेहमी विचारतो. ते कोणत्या रीतीने येते, हे फारसे विचारत नाही. टाळेबंदीत या दुसऱ्या प्रश्नाला सगळे महत्त्व आले.

ज्याचा पगार महिन्याच्या एक तारखेला बँकेत जमा होतो आणि ज्याचे काम संगणकावर होते, त्याचे उत्पन्न बहुतांशी चालू राहिले. ज्याची कमाई संध्याकाळी हातात पडते, तो रिक्षाचालक, हमाल, नाका कामगार किंवा भाजीची पाटी घेऊन बसणारी बाई २५ मार्चलाच शून्यावर आली. तिसरा वर्ग हंगामावर जगणाऱ्यांचा. त्यांच्या हाती पाडव्याच्या आधी थोडेफार होते ते भांडवल म्हणून लावलेले होते, आणि ते वसूल व्हायच्या वेळीच व्यवहार थांबले.

आकडे हेच सांगतात. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचे सकल उत्पन्न आदल्या वर्षीच्या तुलनेत सुमारे २४ टक्क्यांनी घटले. त्यातही बांधकाम निम्म्यावर आले, आणि व्यापार, हॉटेल, वाहतूक यांची घट पन्नास टक्क्यांच्या जवळ गेली. ही सगळी रोजंदारीची क्षेत्रे. ‘सेंटर फॉर मॉनिटरिंग इंडियन इकॉनॉमी’ या संस्थेच्या पाहणीनुसार एकट्या एप्रिल महिन्यात सुमारे १२ कोटी लोकांचे काम गेले आणि त्यांतले सुमारे ९ कोटी छोटे विक्रेते आणि मजूर होते.

याच तिमाहीचा आणखी एक आकडा पाहण्यासारखा आहे. रिझर्व्ह बँकेच्या अंदाजानुसार या तीन महिन्यांत भारतीय कुटुंबांची आर्थिक बचत सकल उत्पन्नाच्या २१ टक्क्यांवर पोचली. त्याआधी ती दहा टक्क्यांच्या आसपास असे. देश ठप्प असताना बचत दुप्पट कशी झाली? ज्यांचा पगार चालू होता त्यांचे हॉटेल, प्रवास, सिनेमा, लग्नातले आहेर, कपडेलत्ते बंद झाले, म्हणून त्यांच्या खात्यात पैसा साठला. आणि त्यांनी न केलेला तोच खर्च हे दुसऱ्या कोणाचे तरी उत्पन्न होते. एका घरात जे शिल्लक राहिले, ते दुसऱ्या घरात आलेच नाही. देशाच्या सरासरीत हे दोन्ही एकमेकांत मिसळून जाते आणि चित्र आहे त्यापेक्षा बरे दिसते.

फडाचे अर्थकारण

हंगामी धंदा जवळून पाहायचा तर तमाशाचा फड पाहावा. मोठ्या फडाचे वर्ष दसऱ्याला सुरू होते आणि बुद्धपौर्णिमेच्या सुमारास संपते. पहिल्या अर्ध्या भागात तंबू ठोकून तिकिटावर खेळ होतात. त्यातून रोजचा खर्च कसाबसा निघतो. खरी कमाई चैत्रातल्या जत्रांची. पाडव्याच्या आसपास जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले तिथे येतात, फड पसंत करतात, तारीख आणि रक्कम ठरवून सुपारी देतात.

या व्यवसायाचा सगळा डोलारा उचलीवर उभा असतो. हंगामाच्या आधी कलावंत, वादक, तंबू ठोकणारे बिगारी, चालक या सगळ्यांना फडमालक उचल देतो. ती द्यायला त्याच्याकडे रोकड नसते, म्हणून तो खासगी सावकाराकडून व्याजाने पैसे उचलतो. कलावंत उचल मेहनतान्यातून फेडतात, मालक सावकाराला सुपारीच्या पैशातून फेडतो. सुपाऱ्यांचे पैसे आले की साखळी पूर्ण होते.

२०२० च्या पाडव्याला ही साखळी नेमकी शेवटच्या कडीवर तुटली. उचल वाटून झाली होती, कर्ज चढले होते, जत्रा रद्द झाल्या. मालकाला कलावंताकडून उचल मागता येईना, कारण त्याच्याकडे द्यायला काही नव्हते. सावकाराचे व्याज मात्र चालू होते. ट्रक, तंबू, जनरेटर जागेवर उभे राहिले. त्या वर्षी दसऱ्यालाही फड नीट उभे राहिले नाहीत, आणि २०२१ च्या पाडव्याला तीच गत झाली. कुणी शेतमजुरीला गेले, कुणी भाजी विकू लागले. वर्षानुवर्षे ज्यांच्या आवाजावर गर्दी जमली, त्यांना मदतीच्या शिध्याची वाट पाहावी लागली.

जत्रेवर जगणारे फक्त कलावंत नसतात. पाळणेवाला, खेळणीवाला, रेवड्या-गोडी शेव विकणारा, तात्पुरत्या हॉटेलचा मालक, असे सगळे या गावाहून त्या गावाला जत्रेमागे फिरत असतात. पंढरपुरात हेच वारीच्या रूपाने घडते. चैत्री, आषाढी, कार्तिकी आणि माघी या चार वाऱ्यांवर तिथला बुक्का, तुळशीमाळा, चुरमुऱ्यांचा व्यापार आणि खोल्या भाड्याने देणारी घरे चालतात. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी आषाढीला संतांच्या पालख्या मोजक्या वारकऱ्यांसह एसटीने पंढरपुरात आल्या. परंपरा टिकली, पण चंद्रभागेकाठच्या दुकानदाराला गिऱ्हाईक मिळाले नाही. राज्यातली मंदिरे २०२० च्या दिवाळी पाडव्याला, १६ नोव्हेंबरला उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबरला घटस्थापनेला उघडली. दारातल्या हार-फुलांच्या टोपल्या तेवढाच काळ रिकाम्या होत्या.

पीक आले, दर गेला

एप्रिल ते जून २०२० च्या तिमाहीत वाढलेले एकच मोठे क्षेत्र होते, ते म्हणजे शेती. वाढ साडेतीन टक्क्यांच्या आसपास. त्यावरून ‘शेतीने देश तारला’ असे पुष्कळ लिहिले गेले. ते खरे आहे, पण ती वाढ प्रामुख्याने मालाची आहे. पिकले किती हे त्यातून कळते, शेतकऱ्याच्या पदरात काय पडले हे कळत नाही.

नाशिक आणि सांगली भागात मार्चअखेर बागांमध्ये द्राक्षे लटकत होती. परराज्यांतले व्यापारी आपापल्या गावी निघाले, तोडणीचे मजूर मिळेनात, मोठ्या शहरांतले बाजार अनिश्चित झाले. द्राक्षाला थांबवून ठेवता येत नाही. ज्याच्याकडे बेदाणा करण्याची सोय होती त्याने बेदाणा केला, बाकीच्यांनी पडेल भावाला माल दिला. दुधाचे तसेच झाले. हॉटेले, चहाच्या टपऱ्या, मिठाईची दुकाने बंद झाल्याने दूध शिल्लक राहू लागले आणि खासगी संकलनाचे दर वीस रुपयांच्या खाली आले. तेव्हा राज्य सरकारने दिवसाला १० लाख लिटरपर्यंत दूध लिटरमागे २५ रुपयांनी घेऊन त्याची भुकटी करण्याची योजना आणली. कुक्कुटपालकांचे नुकसान तर टाळेबंदीच्या आधीच सुरू झाले होते. कोंबडी खाल्ल्याने करोना होतो या अफवेने फेब्रुवारीतच भाव कोसळले होते आणि शेडमध्ये पक्षी रोज खाद्य खातच होते.

ऊसतोड कामगारांची अडचण निराळी. बीड आणि आसपासच्या भागातून आलेले लाखाहून अधिक कामगार पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांच्या आवारात अडकले. गळीत हंगाम संपलेला, कोयता बांधून ठेवलेला, गावाकडे म्हातारी माणसे आणि मुले. १७ एप्रिलला सरकारने त्यांना तपासणी करून घरी सोडण्याचा निर्णय घेतला. त्यांच्यासाठी निदान निर्णय तरी झाला, कारण ते कोणत्या कारखान्यावर किती आहेत याची नोंद होती. शहरांतल्या परप्रांतीय मजुरांची अशी नोंद कुठेच नव्हती. श्रमिक रेल्वे १ मेपासून सुरू झाल्या आणि त्यांनी पुढे सुमारे ६३ लाख लोकांना गावी पोचवले. तोवर लाखो लोक चालत निघाले होते. ८ मेच्या पहाटे जालन्याहून रुळांच्या कडेने निघालेले मध्य प्रदेशातले १६ मजूर करमाडजवळ मालगाडीखाली चिरडले गेले. चालून थकल्यामुळे ते रुळावरच झोपले होते. भुसावळला गाडी मिळेल या आशेने ते निघाले होते.

खर्चाला टाळेबंदी नव्हती

उत्पन्न थांबले की खर्चही थांबेल, असे होत नाही. खोलीचे भाडे, कर्जाचा हप्ता, वीजबिल, किराणा हे महिन्याच्या महिन्याला दारात उभेच असतात.

रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० ला कर्जहप्ते तीन महिने पुढे ढकलण्याची मुभा दिली आणि नंतर ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. अनेकांना वाटले की हप्ते माफ झाले. माफ काहीच झाले नव्हते. समजा, रिक्षाच्या कर्जातले एक लाख रुपये बाकी आहेत आणि व्याज वर्षाला १२ टक्के, म्हणजे महिन्याला एक टक्का आहे. सहा महिने हप्ता भरला नाही तर दर महिन्याचे व्याज मुद्दलात मिळत जाते आणि सहा महिन्यांनी बाकी १,०६,१५२ रुपये होते. त्यात ६,००० रुपये साधे व्याज आणि १५२ रुपये व्याजावरचे व्याज. या व्याजावरच्या व्याजाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, महिनोन्महिने चालला, आणि २३ मार्च २०२१ च्या निकालाने कोणत्याही कर्जदाराकडून ते घेऊ नये असे ठरले. रिक्षावाल्याचे १५२ रुपये वाचले. सहा हजार त्याला द्यावेच लागले, आणि रिक्षा त्या काळात दारातच उभी होती.

भाड्याबाबत राज्याच्या गृहनिर्माण विभागाने एप्रिल २०२० मध्ये घरमालकांना सांगितले की तीन महिने भाडेवसुली पुढे ढकला आणि कुणाला घराबाहेर काढू नका. सूचना चांगली होती, पण तिच्यामागे सक्ती नव्हती. वीजबिलाची गोष्ट आणखी वेगळी. मीटरवाचन बंद असल्याने काही महिने सरासरीवर बिले आली. उन्हाळ्यात माणसे घरातच होती, पंखे दिवसभर फिरत होते, शिवाय १ एप्रिलपासून नवे दर लागू झाले होते. जूनमध्ये प्रत्यक्ष वाचन झाले तेव्हा साचलेला सगळा फरक एकाच बिलात आला आणि राज्यभर लोकांनी डोक्याला हात लावला.

त्यात महागाईची भर. मे २०२० मध्ये केंद्राने पेट्रोल-डिझेलवरील कर मोठ्या प्रमाणात वाढवला. जगात कच्चे तेल स्वस्त असताना त्याचा फायदा ग्राहकाला मिळाला नाही, आणि पुढे तेल महागल्यावर मे २०२१ अखेर मुंबईत पेट्रोल शंभरीपार गेले. घरगुती गॅसचे अनुदान २०२० च्या मध्यापासून बहुतेकांच्या खात्यात येईनासे झाले. खाद्यतेलाचे भाव २०२१ मध्ये असे चढले की फोडणीला तेल मोजून घालायची वेळ आली. मुंबईत लोकल बंद असण्याचा खर्च वेगळाच. सर्वसामान्यांसाठी लोकल मार्च २०२० पासून ३१ जानेवारी २०२१ पर्यंत बंद होती. पुढे ठरावीक वेळांत सुरू झाली, एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली आणि दोन लसमात्रा घेतलेल्यांसाठी १५ ऑगस्टला खुली झाली. विरार, बदलापूर, कसाऱ्याहून येणाऱ्या माणसाचे सगळे गणित काही शे रुपयांच्या पासावर बसलेले असते. नोकरी टिकली तरी बसच्या रांगेत आणि वाटून केलेल्या खासगी गाडीत त्याचा वेळ आणि पगाराचा मोठा हिस्सा जाऊ लागला.

गळ्यातले, मग हातातले

तोंडमिळवणी होईना तेव्हा माणसे ठरलेल्या क्रमाने पायऱ्या उतरतात. आधी डब्यातले पैसे आणि वाण्याची उधारी, मग नातेवाइकांकडून उसनवारी, मग भविष्य निर्वाह निधी, मग सोने, आणि शेवटी ज्यावर पोट भरते ती वस्तू.

भविष्य निर्वाह निधीतून तीन महिन्यांच्या पगाराइतकी किंवा जमेच्या ७५ टक्के, यांतली जी कमी असेल ती रक्कम काढण्याची सवलत मार्च २०२० मध्येच मिळाली. गरजेच्या वेळी ती उपयोगी पडली यात वाद नाही. पण ती मदत नव्हती. म्हातारपणासाठी ठेवलेले स्वतःचेच पैसे माणूस चाळिशीत खात होता.

सोन्याचेही तसेच. ऑगस्ट २०२० मध्ये दहा ग्रॅम सोन्याने ५५ हजारांचा टप्पा ओलांडला होता. त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेने बँकांना सोन्याच्या किमतीच्या ७५ ऐवजी ९० टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायला परवानगी दिली. मंगळसूत्र, पाटल्या, मुलीसाठी जमवलेले वळे गहाण पडले. मार्च २०२१ पर्यंत भाव ४५ हजारांच्या आसपास उतरला. भाव चढा असताना ९० टक्के उचल घेतलेल्याचे कर्ज आता गहाण ठेवलेल्या सोन्याहून जास्त भरू लागले. अशा वेळी बँक फरक भरायला सांगते, नाहीतर सोन्याचा लिलाव होतो. ज्याने दुसऱ्या लाटेत हे पैसे भरले, त्याने ते बहुधा दुसरीकडून कर्ज काढूनच भरले.

शेवटची पायरी सर्वांत महाग. बँडवाल्याने वाद्ये विकली, केटररने भांडी आणि शेगड्या काढल्या, टेम्पो हप्त्यापायी ओढून नेला, तर बाजार सुरू झाला तरी त्याचा धंदा सुरू होत नाही. पूर्वी मालक असलेला माणूस आता दुसऱ्याकडे रोजावर जातो. दुकाने उघडल्यावर अर्थव्यवस्था ‘सावरली’ असे आकडे म्हणतात तेव्हा ही घसरण त्यांत दिसत नाही, कारण माणूस काम करतोच आहे. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२१ च्या अहवालाने ती दाखवून दिली. २०१९ अखेर पक्क्या पगारावर असलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक वर्षभराने असंघटित कामात गेले होते. दिवसाला ३७५ रुपये या किमान वेतनाच्या रेषेखाली आणखी २३ कोटी लोक आले. काम गेलेल्या आणि ते परत न मिळालेल्या पुरुषांचे प्रमाण सात टक्के होते, तर स्त्रियांचे ४७ टक्के. शाळा बंद, मुले घरात, आजारी माणसांची उस्तवार, आणि सोसायटीने मोलकरणीला फाटकाबाहेर ठेवलेले. स्त्रियांचे काम नेमके याच कारणांनी सुटले.

मदत यादीमागे चालते

मदत आलीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २६ मार्चलाच केंद्राने १ लाख ७० हजार कोटींची योजना जाहीर केली. सुमारे ८० कोटी लोकांना माणशी पाच किलो मोफत धान्य, जनधन खातेदार महिलांना तीन महिने दरमहा ५०० रुपये, उज्ज्वला लाभार्थींना मोफत सिलिंडर. महाराष्ट्रात शिवभोजन थाळी दहावरून पाच रुपयांवर आली आणि २०२१ च्या निर्बंधांत फुकट झाली. रेशनच्या धान्याने उपासमार आवरली, हे मान्य करायला हवे.

पण प्रत्येक मदतीला एक दार होते, आणि ते दार म्हणजे कोणती ना कोणती यादी. रेशनकार्ड गावाकडचे आणि माणूस धारावीत, तर धान्य गावात. जनधन खाते नाही किंवा बंद पडलेले, तर ५०० रुपये नाहीत. एप्रिल २०२१ मध्ये राज्याने ५,४७६ कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यात बांधकाम कामगार, फेरीवाले, रिक्षाचालक आणि घरकामगार यांना प्रत्येकी १,५०० रुपये होते. अट एवढीच की नोंदणी किंवा परवाना हवा. ते निर्बंध १ जूनपर्यंत चालले. त्या दिवसांवर १,५०० रुपये वाटले तर रोजचे सुमारे ३१ रुपये येतात.

त्यातही कोणाला लवकर मिळाले ते पाहण्यासारखे आहे. बांधकाम कामगारांना २०२० मध्येच खात्यात २,००० रुपये आले, कारण १९९६ च्या कायद्यानुसार बांधकामखर्चावर उपकर गोळा होतो, त्यांचे मंडळ आहे, मंडळाकडे पैसा आणि यादी दोन्ही असतात. घरकामगारांसाठी महाराष्ट्राने २००८ मध्ये कायदा केला होता, पण त्यांच्यासाठी असा हक्काचा निधी नव्हता आणि अनेकींची नोंदणी झालेली किंवा चालू नव्हती. परवानाधारकाची रिक्षा भाड्याने चालवणारा, मंडपवाल्याकडचा बिगारी, जत्रेतला फुगेवाला हे कोणत्याच यादीत नव्हते. संकट आल्यावर यादी करायला बसले की ती पूर्ण होईपर्यंत संकट संपते. असंघटित कामगारांच्या नोंदणीचे ‘ई-श्रम’ पोर्टल ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झाले. तोवर दोन्ही मोठ्या लाटा ओसरल्या होत्या.

दुष्काळाला संहिता आहे

महाराष्ट्राला सामूहिक संकटात माणसे जगवण्याचा अनुभव नाही, असे कोणी म्हणणार नाही. दुष्काळात काय करायचे हे तलाठ्यापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक असते. पैसेवारी लावायची पद्धत जुनी आहे, आता पाऊस, ओलावा, पिकांची स्थिती यांचे निकष आहेत. तालुका दुष्काळी जाहीर झाला की सवलती आपोआप लागू होतात. जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जांचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपांच्या वीजबिलात ३३.५ टक्के सूट, विद्यार्थ्यांना परीक्षाशुल्क माफ, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता, टँकर, आणि टंचाई जाहीर झालेल्या गावांत शेतीपंपांची वीज न तोडणे. ऑक्टोबर २०१८ मध्ये १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले तेव्हा याच आठ सवलती लागू झाल्या. त्या पुरेशा असतात का, वेळेवर पोचतात का, यावर भांडता येते. पण भांडायला हातात काही तरी असते.

रोजगार हमी तर इथलीच. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला केलेला प्रयोग १९७२ च्या दुष्काळात राज्यभर उपयोगी पडला, १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला आणि पुढे देशाने तो ‘मनरेगा’ म्हणून उचलला. २०२०-२१ मध्ये शहरांतून परतलेल्या मजुरांना याच योजनेने हात दिला. त्या वर्षी देशात ११ कोटींहून अधिक लोकांनी मनरेगावर काम केले, तेवढे आधी कधीच केले नव्हते. फक्त ही हमी ग्रामीण भागापुरती आहे. पुण्या-मुंबईतल्या बेकार माणसाला असा कायदा नाही. राजस्थानने सप्टेंबर २०२२ मध्ये शहरांसाठी रोजगार हमी सुरू केली. रोजगार हमीचे माहेर असलेल्या राज्याने तसे केले नाही.

टाळेबंदीला मात्र अशी संहिता नव्हती. ती ज्या कायद्यांनी लागली ते दोन. पहिला १८९७ चा साथरोग कायदा, मुंबई-पुण्याच्या प्लेगसाठी केलेला. त्यात सरकारला निर्बंध घालण्याचे अधिकार भरपूर आहेत, निर्बंधांमुळे रोजी बुडालेल्याचा हक्क नाही. दुसरा २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. त्याच्या १२ व्या कलमात उपजीविका पूर्ववत करण्यासाठी मदतीचे किमान निकष ठरवण्याची, आणि १३ व्या कलमात गंभीर आपत्तीत कर्जफेडीत सवलतीची शिफारस करण्याची तरतूद आहे. म्हणजे जागा होती, पण ती भरली गेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये याच १२ व्या कलमाकडे बोट दाखवले तेव्हा करोनाने गेलेल्या माणसाच्या वारसांना ५० हजार रुपये देण्याचे ठरले. बुडालेल्या रोजीचा असा कोणताही दर ठरला नाही.

सरकारला ठरवले तर खासगी व्यवहारात हात घालता येतो, हेही याच काळात दिसले. २१ मे २०२० च्या आदेशाने महाराष्ट्राने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटा सरकारी दरांखाली आणल्या. साध्या कक्षाला दिवसाला ४,०००, अतिदक्षता विभागाला ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. अंमलबजावणीत त्रुटी होत्या, पण दर छापील होता आणि जास्त बिल आले तर तक्रार करायला तो पुरावा होता. भाडे आणि हप्ता यांच्या बाबतीत असा आदेश निघाला नाही. तिथे एकीकडे सूचना आणि दुसरीकडे मुदतवाढ, एवढ्यावरच भागवले गेले.

पुढची साथ कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही, पण तिच्यासाठी काय लिहून ठेवावे हे आता स्पष्ट आहे. इतक्या दिवसांहून जास्त बंद राहिला की लागू होणारा निर्वाहभत्ता, बंदकाळात हप्त्यावर व्याज न चढण्याची तरतूद, भाड्यासाठी सूचनेऐवजी आदेश, शहरातही कामाची हमी, आणि साध्या काळात भरलेली, चालू राहिलेली कामगारांची यादी. यातले पहिले चार सरकारने करायचे आहे. शेवटच्यात आपलाही वाटा आहे. आपल्या घरी काम करणाऱ्या बाईची, सोसायटीच्या रखवालदाराची, रोजच्या रिक्षावाल्याची नोंदणी झाली आहे का, एवढे विचारायला आणि नसेल तर फॉर्म भरून द्यायला साथीची वाट पाहण्याचे कारण नाही.

१८९७ च्या कायद्यात संसदेने सप्टेंबर २०२० मध्ये दुरुस्ती केली. आरोग्यसेवकांवर हल्ला करणाऱ्यांना कडक शिक्षेची तरतूद तिने केली, आणि ती रास्तच होती. बंदमध्ये ज्यांची चूल विझते त्यांच्यासाठी त्या कायद्यात एकही कलम घातले गेले नाही. ते घालायला लावणे हे आता आपले, मतदारांचे काम आहे.